शालन, बॅज कोरेच ठेवले

शालन,

झाली एकदाची तुझी परिषद. शेवटच्या पाहुण्यांना स्टँडवर सोडून आत्ताच घरी आले, चहा टाकला आणि सवयीनं फोन उचलला. दर परिषदेनंतर पहिला फोन तुलाच व्हायचा. कुणाचा शोधनिबंध कसा झाला हे आपण शेवटी बोलायचो. आधी कोण कुणाशेजारी बसलं, कोण कुणाला टाळत होतं आणि रस्सा कुणाला झेपला नाही, याचाच पंचनामा. तुझं नाव फोनमध्ये अजून 'शालन आगाऊ' असंच आहे. ते काही मी बदलायची नाही. पण पलीकडून कुणी उचलणार नाही म्हटल्यावर फोन ठेवला आणि लिहायला बसले.

तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय. कॉलेजात शोकसभा झाली, ती तुला सांगायलाच हवी. एकामागून एक लोक उठले आणि तुझ्याबद्दल बोलले. कुणी तुला शांत म्हणालं, कुणी सोशिक म्हणालं. एकानं तर 'मितभाषी' म्हणून टाकलं. मी तुझ्या नवऱ्याकडं पाहिलं. दाजी मान खाली घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, माणूस कोलमडला. मला माहीत होतं, ते हसू दाबतायत. नंतर दारात भेटले तेव्हा म्हणाले, "वहिनी, ह्यो कुणाचा कार्यक्रम हाय म्हणायचा?" आणि मग मात्र त्यांना खरंच रडू आलं.

तुझा आवाज पेठ वडगावच्या बाजारात तयार झालेला. प्रयोगशाळेत तू कुजबुजलीस तरी कँटीनला कळायचं. गावाकडच्या बायका बोलतात तसं तूही कायम 'मी येतो, मी जातो' असंच बोलायचीस, आणि पुण्याकडचे पाहुणे दचकून मागं वळून बघायचे. तुझी-माझी जोडी कशी जमली याचं कोडं आपल्या दोघींच्याही घरच्यांना कधी सुटलं नाही. मी वारणेकाठच्या दूधवाल्या पाटलांची. तू दीक्षेनंतरच्या पिढीतली, घरात बुद्धवंदना ऐकत वाढलेली. एकाच दिवशी एकाच कॉलेजात, एकाच वनस्पतिशास्त्र विभागात लागलो आणि पहिल्याच दिवशी खिडकीजवळच्या टेबलावरून भांडलो. टेबल तू घेतलंस. मला 'पाटलीण' म्हणायला लागलीस ते तेव्हापासून.

आपली बाहेरगावची पहिली परिषद आठवतेय ना? तू वडगावच्या आसपासच्या विहिरींत उतरून गोळा केलेल्या शेवाळांचं काम आणि त्याचं आपल्या दोघींच्या नावाचं पोस्टर. आपण इस्त्रीच्या साड्या नेसून पोस्टरशेजारी उभ्या होतो, लग्नात वरमाया उभ्या असतात तशा. एक मोठे विद्वान आले. चष्मा वर करून त्यांनी नावं वाचली, पाटील आणि कांबळे, आणि मला प्रश्न विचारला. मी म्हटलं, "हे काम यांचं आहे, यांना विचारा." त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्रश्नही मलाच विचारला. तेव्हा तू मध्ये आलीस.

"पावणं, हिकडं बगा. हिरीत मी उतरलोय. ही नुसती काठावर टावेल धरून हुबी हुती."

विद्वान पुढच्या पोस्टरकडं गेले. तू जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा आणि माझा, दोन्ही बटाटेवडे खाल्लेस, आजूबाजूच्यांना हसवलंस आणि मला वाटलं, हिला काही लागलेलं नाही. परतीच्या बसमध्ये कऱ्हाड आलं तरी तू एक शब्द बोलली नव्हतीस. मग खिडकीकडं बघतच म्हणालीस, "आडनाव वाचल्याबरुबर त्याचं डोळं माज्यावरनं कसं घसरलं, बगितलंस?" तो माणूस आज कुठं असेल माहीत नाही, पण मला त्याचा अजून राग येतो.

पुढं तुझ्याकडं आपल्या कॉलेजच्या परिषदेची सूत्रं आली तेव्हा तू पहिल्याच बैठकीत सगळ्यांची झोप उडवलीस. दारात नऊवारी नेसून पाहुण्यांना ओवाळायला मुली उभ्या करायच्या, ही आपल्याकडची पद्धत. तू म्हणालीस, "पोरींनी पोस्टर आणल्यात. ताटं आणल्याली न्हाईत." ओवाळणी गेली. मग मोठ्या पाहुण्यांचं वेगळं जेवण गेलं आणि कुलगुरूंपासून पहिल्या वर्षाच्या पोरांपर्यंत सगळे एका रांगेत ताट घेऊन उभे राहिले. स्टाफरूममध्ये तू पाळणा बांधलास. तान्ही पोरं घेऊन आलेल्या बायकांना निर्धास्त बसता यावं म्हणून ती खोली दिलीस, त्यात आपल्या विभागाचे जुने प्रमुख जाधव सर यांची दुपारच्या डुलकीची आरामखुर्ची बाहेर निघाली. निवृत्त झाले तरी सर दर परिषदेला यायचे आणि त्या खुर्चीत पडायचे. ते तुझ्यावर रुसले. दुसऱ्या दिवशी बघते तर सर कुणाचं तरी बाळ मांडीवर घेऊन पाळण्याशेजारी बसलेले आणि बाळाच्या आधी सरच झोपलेले.

आणि मग ते बॅज. आडनावच नको, ही कल्पना माझी. मला त्या विद्वानाचे डोळे विसरता येत नव्हते. म्हटलं, बॅजवर नुसतं नाव छापू, म्हणजे लोक माणसाकडं बघतील, कामाकडं बघतील. तुला ते पटलं, पण तू त्यात मीठ घातलंसच. "नुसतं नाव लईच कोरडं दिसतंय गं. खाली गाव घालू. बोलायला काय तरी पायजे की माणसाला." मीही मान डोलावली. एवढ्या शिकलेल्या आपण दोघी, त्यातून कोल्हापूरच्या, आणि दोघींच्याही डोक्यात आलं नाही की आपल्याकडं गाव सांगितल्यावर पुढं काय होतं.

चहाच्या सुट्टीत झालं ते. "वारणानगर? मग तुम्ही कुणाच्यातल्या?" "मामा कुठलं तुमचं?" "अमक्या गल्लीतलं की वरच्या आळीतलं?" "दिलेली कुठं?" अर्ध्या तासात सभागृहातल्या प्रत्येकाचं कूळ, मूळ, सोयरीक, सगळं बाहेर. जाधव सर तर आघाडीवर, त्यांना माणूस जोडायची हौस आणि गाव कळलं की ते थेट आजोळापर्यंत पोचतात. मीच सापडले ना. बीजभाषण करणारे गृहस्थ माझ्या चुलत बहिणीचे मावस सासरे निघाले आणि आम्ही म्हशींवर बोलत बसलो ते पुढचं अख्खं सत्र बुडालं. तुलाही एकानं गाठलं. "पेठ वडगाव का? वडगावात कुठं राहायला?"

"मंडईच्या मागं."

"म्हणजे..."

"म्हंजी तुमच्या मनात हाय तेच. आता माझं पोस्टर बगा."

संध्याकाळी माझ्या स्कूटरवर मागं बसून तू इतकी हसत होतीस की बिंदू चौकात मला गाडी बाजूला घ्यावी लागली. "पाटलीण, आपुन आडनाव काढलं आणि त्यांनी सात पिढ्या काढल्या." हसता हसता मला खांद्यावर फटके मारत होतीस. ते फटके मारायला आता कुणी मागं नसतं आणि स्कूटर हलकी लागते, हे सांगायला नको.

खरं भांडण त्यानंतर सुरू झालं. मी म्हटलं, पुढच्या वेळी गाव काढू, नुसतं नाव ठेवू. तू म्हणालीस, न्हाय, पूर्ण नाव घालायचं, आडनावासकट, तेही मोठ्या अक्षरात. मी चकित झाले. बसमध्ये खिडकीकडं बघत बसलेली शालन आणि ही शालन यांचा मेळ मला लागेना.

"तुझं आडनाव झाकलं तर तुझं काय जातंय?" तू म्हणालीस. "तू पाटलीण हाईस ते आंधळ्यालाबी दिसतंय. माझ्या बाबानं कारखान्यात राबून घर बांधलं आणि दाराव आडनाव रंगवून घेतलं, रस्त्यावरनं वाचाय येईल एवढं. ते मी परिषदेला जाताना घरी ठिवून जाऊ व्हय?"

मी म्हटलं, "पण तो विद्वान? तसे अजून आहेत."

"हाईत की. पर पोरीबी हाईत. एकादी पोरगी त्या गर्दीत येती, तिला वाटतं हितं आपल्यातलं कोणच न्हाय. माझं नाव वाचून ती माझ्याकडं आली, तर? तुझ्या कोऱ्या कार्डानं ती कुणाकडं जाईल?"

मी म्हणायचे, आधी दार उघडू दे, मग नाव सांगता येईल. तू म्हणायचीस, नाव पुसून उघडणारं दार काय कामाचं. मिसळ खाताना भांडलो, पेपर तपासताना भांडलो, कळंबा तलावावर नमुने गोळा करताना गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भांडलो. तुझं पटायचं आणि माझंही सुटायचं नाही. अजूनही तसंच आहे. एवढं मात्र खरं की आयुष्यात माझ्याशी इतकं मन लावून दुसरं कुणी भांडलं नाही. नवरा तर तिसऱ्या वाक्याला 'बरं' म्हणून मोकळा होतो.

या वेळी भांडण नेहमीचं नव्हतं, कारण या वेळी प्रज्ञा होती. तुझी विद्यार्थिनी, कळंब्याच्या शैवालावर काम करणारी, तीही कांबळेच, नात्यातली नव्हे. तिचं हे पहिलं जाहीर भाषण. तू मला बजावलं होतंस, "बाकी परिषद पडली तरी चालंल, पर हिच्यावरनं कुणाचं डोळं घसराय न्हाई पायजेत." त्यावर आपलं दोघींचं एकमत होतं. बॅजवर काय छापलं म्हणजे ते होईल, यावर नव्हतं. छपाईवाला रोज फोन करत होता. शेवटी तू मला फोनवर म्हणालीस, "थांबू दे त्याला. माझं डोस्कं चढलंय. उद्या भांडू."

ती उद्या काही आली नाही.

निमंत्रकपद माझ्याकडं आलं. समितीतल्या मंडळींचं तुझ्यावर प्रेम होतं, त्यात वाद नाही, पण प्रेमानं माणूस काय काय करतो. व्यासपीठावर तुझा हार घातलेला फोटो ठेवायचा, असं ठरत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर महिला शास्त्रज्ञांचं खास सत्र आणि त्याला तुझं नाव, असंही ठरत होतं. जेवणानंतरचं बायकांचं सत्र. तू त्याला 'हळदीकुंकू' म्हणायचीस आणि त्या वेळी मुद्दाम उठून बाहेर जायचीस. मी सांगितलं, फोटो नको, खास सत्र नको, बायका सगळ्या सत्रांत बोलतील, सकाळच्यासुद्धा. मंडळी थोडी दुखावली. तुझ्यावतीनं मी भांडले, शालन. तुझ्याइतकं जोरात नाही जमलं, पण कँटीनपर्यंत आवाज गेला म्हणे.

बॅजचं मात्र मला सुधरेना. आता मीच निमंत्रक, मला हवं ते छापता आलं असतं. नुसती नावं छापली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण जिच्याशी भांडायचं तीच नाही आणि आपण जिंकलो म्हणायचं, यात काय राम आहे? आणि तुझ्या आठवणीखातर पूर्ण नावं छापावीत तर तेही खोटं. मला ते पटलेलं नव्हतं, तू तर मला तिथल्या तिथं पकडली असतीस. मग एका सकाळी दात घासता घासता मनात आलं, आपण दोघी इतकी वर्षं भांडतोय, पण ज्याच्या छातीवर तो बॅज लागणार त्याला कधी विचारलंय का?

छपाईवाल्याला फोन केला. म्हटलं, नुसती कोरी कार्डं द्या. तो मग म्हणाला, "मॅडम, कोरं कार्ड छापायचं म्हंजी मी छापायचं काय?"

नोंदणीच्या टेबलावर कोरी कार्डं आणि स्केचपेनं ठेवली. ज्याचं नाव त्यानं लिहावं, हवं तसं, हवं तेवढं. शालन, तू असायला हवी होतीस. मोठमोठी माणसं हातात स्केचपेन घेऊन पहिलीतल्या पोरासारखी विचारात पडली होती. रांग दारापर्यंत गेली. आपल्याला काय म्हणवून घ्यायला आवडेल हे कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं बहुधा. जाधव सरांनी डॉक्टर, प्राध्यापक, माजी विभागप्रमुख असं सगळं लिहिलं, नावाला जागाच उरली नाही, दुसरं कार्ड मागून घेतलं. एका तरुण प्राध्यापकानं वडिलांच्या जागी आईचं नाव लिहिलं आणि चारचौघांत वाचून दाखवलं. चहा देणाऱ्या मावशींनीही कार्ड मागितलं आणि 'सुरेखा' लिहून पदराला लावलं. त्यानंतर दिवसभर त्यांना कुणी 'ओ मावशी' म्हणून हाक मारली नाही. मी 'विजया' एवढंच लिहिलं. सगळे तरी 'पाटील मॅडम, पाटील मॅडम' करत होतेच. तू म्हणाली असतीस, बघ, तुझं पुसलं तरी दिसतंयच. हा मुद्दा मी तुला देऊन टाकते.

प्रज्ञानं पहिल्या दिवशी लिहिलं, 'प्रज्ञा'. बस, एवढंच. खरं सांगते, मला बरं वाटलं, मनातल्या मनात तुला म्हटलंही, बघ. ती दिवसभर फिरत होती, ऐकत होती, लोकांशी बोलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिच्या भाषणाआधी, ती टेबलाजवळ आली आणि नवं कार्ड मागितलं. मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'प्रज्ञा कांबळे'. मी विचारलं, "का गं? काल तर..."

"काल नुस्तं बघाय आलतो मॅडम," ती म्हणाली. "आज बोलायचंय न्हवं. बोलताना पूर्ण नाव पायजे."

मग ती बोलली. सुरुवातीला मान कागदात होती, पण पडद्यावर ते हिरवं शैवाल आलं आणि तिच्या अंगात बळ आलं. कळंब्याच्या पाण्यात कुठलं शैवाल कधी वाढतं आणि का, ते तिनं असं उलगडून सांगितलं की मागच्या रांगेतले मोबाइल खाली गेले. भाषण संपलं. आणि पहिला हात वर कुणाचा असावा? जाधव सरांचा.

"कांबळे म्हणजे," सर उभे राहून म्हणाले, "आपल्या शालनबाईंच्या नात्यातली का गं तू? गाव कुठलं?"

सरांच्या मनात काही वाकडं नव्हतं. तुझ्या आठवणीनं त्यांचा आवाज जड झाला होता. पण सभागृहातल्या सगळ्या माना प्रज्ञाकडं वळल्या.

"न्हाय सर," ती म्हणाली, "नातं कायच न्हाय. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकात बघाय शिकवलं. गावाचं मी तुम्हास्नी चहाला सांगतो. आता शैवालाचं इचारा की."

सगळं सभागृह हसलं, सरही हसले. मग त्यांनी खरंच विचारलं, पाण्यातल्या फॉस्फेटबद्दल, आणि प्रश्न इतका नेमका होता की त्याचं उत्तर देताना प्रज्ञाला फळ्याकडं जावं लागलं. सर उभ्या उभ्याच ऐकत होते. एकाचीही नजर तिच्यावरून हलली नव्हती.

मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. तू म्हणाली असतीस, बघ, पूर्ण नाव लिहून बोलली. मी म्हणाले असते, बघ, आधीचा दिवस कोरा मिळाला म्हणून बोलली. तू काही बोलायच्या आत मीच 'बघ' म्हणावं म्हणून मी शेजारी बसलेल्या तुला कोपरानं जोरात ढोसलं.

शेजारी दिल्लीहून आलेले प्रमुख पाहुणे होते. बिचारे दचकून केवढे बाजूला झाले. हातातला चष्मा खाली पडला. मी चष्मा उचलून दिला, माफी मागितली आणि काय बोलावं न सुचून खरं तेच सांगितलं, की इथं माझी मैत्रीण बसायची. हसू तोंडावर तसंच होतं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आपल्या खुर्चीकडं पाहिलं, आणि उठून पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले.